श्यामराव मिस्तरी आणि पाण्यावरची फटफटी

श्यामराव मिस्तरीने कुणाचं काम चांगलं म्हटल्याचं सानगडीत कुणाला आठवत नव्हतं. सुताराने नवं दार बसवलं की हा जाता जाता विचारायचा, "दार हाय का गा, का खाट उभी केली?" गवंड्याच्या भिंतीसमोर उभा राहून मान तिरकी करायचा आणि काही न बोलता निघून जायचा. ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. लग्नात जेवायला बसला तरी वरणाला नाव ठेवूनच उठायचा, आणि वरण तीन वेळा घेतलेलं असायचं.

त्याच्या हातात मात्र कसब होतं, हे त्याच्या तोंडाला वैतागलेले लोकही मान्य करत. मुंबईला खाडीकाठच्या एका कारखान्यात त्याने कितीतरी वर्षं फायबरच्या नावा केल्या होत्या. काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन चोपडायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची, की दुसऱ्या दिवशी दगडासारखी टणक नाव तयार. एका खोलीत सहा जण झोपायचे आणि वर्षातून एकदा गावी यायला मिळायचं. तेही त्याने सोसलं असतं, पण मुकादमाशी त्याचं जमलं नाही. भांडण फोमवरून झालं. मुकादम म्हणायचा, नावेच्या पोकळीत फोम भरलाच पाहिजे, नाव फुटली तरी तो तिला तरंगती ठेवतो. श्यामराव म्हणायचा, नाव फुटेल असं काम करायचंच कशाला? ज्याला आपल्या हातावर भरवसा नाही त्याने फोम भरावा. हे त्याने सगळ्या कारखान्यासमोर मुकादमाला ऐकवलं, वर "मी माझ्या गावात नावा करून दाखवतो" असंही ऐकवलं, आणि पेटी उचलून घरी आला.

गावात आल्यावर कळलं की सानगडीत फायबरची नाव कुणालाच नको आहे. लोकांना नको होती ती कूलरची गळती. पत्र्याचे टब दोन उन्हाळ्यांत गंजायचे, त्यांना आतून फायबरचा थर द्यायचं काम त्याला मिळू लागलं. होळीपासून मृगापर्यंत दुकानात गर्दी, मग वर्षभर माश्या. लोक त्याला टबवाला म्हणू लागले. आणि मुंबईहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर मुकादमाचा निरोप यायचा, "परत ये म्हणावं, जागा आहे. पण या वेळी हेल्पर म्हणून."

त्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशी साली, एक आशा निर्माण झाली होती. गावच्या तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांची सोसायटी नव्या नावांचा विचार करत होती. त्यांचे डोंगे एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरलेले असायचे, आणि तसा बुंधा आता जंगल खातं कुणाला तोडू देत नव्हतं. सोसायटीचे अध्यक्ष इतवारीबाबा एकदा दुकानात येऊन फायबरचा तुकडा बोटांनी ठोकून गेले होते. "पाहू," एवढंच म्हणाले. ते काम मिळालं असतं तर दुकान बारा महिने चाललं असतं. नाही मिळालं तर पाऊस पडला की कूलर बंद आणि श्यामराव पुन्हा मुंबईला, मुकादमाच्या हाताखाली. त्याच्या बायकोने, शकुनबाईने, त्याला स्पष्टच सांगून ठेवलं होतं. "सोसायटीवाले आले का तोंड बंद ठेवजा. मुंबईत तोंड बंद ठेवलं असतं तर मुकादम तुमीच असते."

हे सगळं असं लोंबकळत असताना, वैशाखातल्या एका सकाळी हिरालालची फटफटी बैलगाडीत घालून दुकानासमोर आली.

हिरालाल म्हणजे धानाच्या व्यापाऱ्याचा एकुलता मुलगा. पोतं उचलायचं सोडून त्याला सगळं जमायचं. त्याने दिवाळीत मुंबई बंदरावरच्या लिलावातून पाण्यावरची फटफटी आणली होती. पांढरी, लांबट, पुढे निमुळती, आणि पुढून वर आलेला एक दांडा. बसायला जागाच नाही. मागच्या खोबणीत उभं राहायचं, दांड्याची मूठ पिळायची, की ती पाणी मागे फेकत पळायची. "एवढा खर्च करून उभंच राहायचं?" असं श्यामरावाने तेव्हाच विचारलं होतं. हिरालालने ती तलावात चार वेळा पळवली. पाचव्या वेळी पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटावर घातली. बूड तडकलं, इंजिन जळलं. इंजिन काढून नागपूरला दुरुस्तीला पाठवलं आणि उरलेला सांगाडा तलावाच्या राखणीला असलेल्या आसारामच्या हवाली केला. हवाली करताना तो म्हणाला होता, "आसाराम, आपल्या डोंग्यासारखी सांभाळ हिले."

आसारामने अगदी तशीच सांभाळली.

ढिवर लोक डोंगा कसा सांभाळतात हे सानगडीत कुणाला सांगावं लागत नाही. फाल्गुनात पाणी उतरू लागलं, मासे पायी धरता येऊ लागले, की डोंग्यात दगड भरायचे आणि तो तलावाच्या कोपऱ्यात बुडवायचा. खुणेला बांबू रोवायचा. उन्हात लाकूड तडकत नाही, आधी पडलेली भेग फुगून बसते, आणि मृग लागला की दगड काढून डोंगा वर घ्यायचा. आसारामने हिरालालची फटफटी आपल्या डोंग्याशेजारी बुडवली. बूड तडकलेलं होतं ना, ते फुगून बसेल म्हणून.

"फुगून बसन?" श्यामराव बैलगाडीवर हात टेकून ओरडला. "अरे आसाराम, हे लाकूड हाय का फुगाले? उद्या काचेचा गिलास फुटला का तोही पान्यात ठेवशील?"

"मले काय मालूम मिस्तरी," आसाराम म्हणाला. तो शांत माणूस होता आणि आपलं काही चुकलं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. "शेठ म्हनले डोंग्यावानी सांभाळ. मी सांभाळली. पन लई नाठाळ वस्तू हाय हो. बुडतच नव्हती. दगड टाकला का वर, दगड टाकला का वर. सारा दिवस गेला माझा. शेवटी खुट्याले बांधली तवा खाली रायली."

"आन आता चौघांले उचलत नाई," हिरालाल कुरकुरला. "गेली तवा हलकी होती. मिस्तरी, काहून जड झाली हे?"

श्यामरावाने तडकलेल्या जागी पटाशी घातली आणि आतला एक लगदा उपसून त्याच्या पायाशी टाकला. भिजलेल्या टोस्टासारखा पिवळा, तलावाच्या गाळाचा वास मारणारा. "हा फोम हाय शेठ. साऱ्या पोकळीत भरला हाय. तडकीतून पानी पिऊन पिऊन फुगला. तुमचा माल आतून सडला."

"मंग?"

"मंग काय? सारा फोम खरवडून काढतो. आतून नवीन फायबर देतो."

"आन फोम नवीन भराचा ना?" हिरालालने विचारलं. "परदेशच्या कंपनीनं भरला हाय, म्हंजे काई कारन असनच ना."

इथे श्यामरावाच्या तोंडावर ते जुनं, मुंबईचं हसू आलं. फोम कशासाठी असतो हे त्याला हिरालालच्या सात पिढ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण समोर हिरालाल नव्हताच, मुकादम होता. "कारन हाय ना शेठ. कंपनीले आपल्या कामाचा भरवसा नाई. फुटनारी वस्तू करते, मंग फोम भरते. मी असा थर देतो का कुऱ्हाड मारली तरी फुटनार नाई. फुटनारच नाई तर फोम कायले? उगाच वजन."

हिरालालला वजनाचं पटलं. त्याला जोरात पळायचं होतं. आत बसून मॅट कातरणाऱ्या शकुनबाईने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कातर चालवली. तिलाही तो मुकादम माहीत होता.

कामाला मात्र तोड नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. श्यामरावाने फटफटी उलटी करून, आडवी करून, जिथून जिथून हात जाईल तिथून तो पिवळा फोम काढला. पटाशीने, खुरप्याने, वाकवलेल्या गजाने, शेवटी तारेच्या ब्रशने. नाकाच्या टोकातल्या फोमात एक खेकडा घर करून बसलेला निघाला. "याले इचारा शेठ, कारन काय ते," श्यामराव म्हणाला. सगळं कवच आतून कोरडं ठणठणीत झाल्यावर त्याने फायबर द्यायला घेतलं. भंडारा जिल्ह्यातल्या वैशाखात रेझिन वापरणं म्हणजे खेळ नाही. हार्डनर थोडा जास्त पडला की डबा हातात तापतो, धूर सोडतो आणि सगळा माल दगड होऊन बसतो. म्हणून तो तांबडं फुटायच्या सुमारास काम सुरू करायचा, डबा पाण्याच्या घमेल्यात ठेवायचा, आणि ऊन अंगणात उतरलं की ब्रश धुऊन टाकायचा. शकुनबाई मॅट कापून द्यायची. काचेची कूस दोघांच्या हातांत रुतायची, मग दिवसभर खाजवणं. थरावर थर, कोपऱ्यात जास्तीचे पट्टे, बुडाला आडव्या उभ्या फासळ्या. झाल्यावर त्याने बुडावर लाकडी घण मारला. आवाज घंटेसारखा आला. त्याने दुसऱ्यांदा मारला, ते नुसतं ऐकायला.

आता ती फटफटी दोघांना सहज उचलता येत होती. इतवारीबाबा पुन्हा येऊन गेले. वाकून आत पाहिलं, पोटावर हात फिरवला. "पान्यावर पाहू," म्हणाले. "सोसायटीची मानसं घेऊन येतो. तिथंच ठरवू."

म्हणजे सगळं त्या एका दिवसावर आलं. नागपूरहून इंजिन आलं, बसवलं, आणि एका सोमवारी सकाळी सारं गाव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमलं. पाणी उतरलं होतं, पण मध्यावर अजून दोन पुरुष खोल होतं. कोपऱ्यात बांबू उभे होते आणि त्यांच्या खाली सोसायटीचे सगळे डोंगे सुखाने बुडालेले होते.

शकुनबाई घरून निघताना पुन्हा म्हणाली होती, "काई बोलू नोका." श्यामराव हो म्हणाला होता. पण पाळीवर एवढी माणसं, समोर आपलं काम उन्हात झळकतंय, आणि पलीकडे ते बांबू. त्याला राहवेना.

"पाहून घ्या रे बाप्पा," तो मोठ्याने म्हणाला. "वस्तू कशाले म्हनते ते पाहून घ्या. तुमी नाव करता ते बुडवून ठेवाले. म्हशीवानी पान्यात लोळवता तिले. उन्हात नाई राहत, तहानेत नाई राहत, ते नाव हाय का बाळंतीन? आता हे पाहा. श्यामराव मिस्तरीची वस्तू बुडत नसते."

इतवारीबाबांनी चिलीम दुसऱ्या हातात घेतली. शकुनबाईने कपाळाला हात लावला.

हिरालाल गॉगल लावून आला होता. त्याने लोकांना इंजिन दिसावं म्हणून वरचं झाकण उघडून ठेवलं होतं. निघताना ते बंद केलं, पण त्याचा पट्टा आवळला नाही. पट्टा आवळणं त्याच्या मते नोकरांचं काम असावं. तो खोबणीत उभा राहिला, मूठ पिळली, आणि फटफटी सुटली. खरंच सुटली. हलकी झाल्यामुळे ती पाण्यावर नुसती टेकत होती. पाळीवरून शिट्ट्या पडल्या. श्यामरावाने हात छातीवर बांधले आणि इतवारीबाबांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की मुकादमाला इथे आणून उभं करायला हवं होतं.

हिरालालने मध्यावर जाऊन वळण घेतलं. वळताना त्याला लोकांकडे हात करायचा होता. एका हाताने मूठ धरून, दुसरा हात हवेत. फटफटीने त्याला बाजूला टाकलं आणि स्वतः कुशीवर वळली. झाकण उघडलं. पाणी आत शिरल्याचा आवाज पाळीपर्यंत आला. नाक वर आलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि मग सरळ खाली गेलं. चार बुडबुडे आले. पाण्यावर हिरालाल होता, गॉगल नव्हता आणि फटफटीही नव्हती.

पाळीवरून कुणीतरी ओरडलं, "मिस्तरी, बुडाली ना गा!" आणि अख्खी पाळ हसू लागली. बायका पदर तोंडात धरून, माणसं मांड्यांवर हात मारून. ज्या सुताराच्या दाराला त्याने खाट म्हटलं होतं तो तर खालीच बसला. हसू ओसरतं न ओसरतं तोच आसाराम पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं नवल होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

"मिस्तरी, मले सारा दिवस लागला व्हता तिले बुडवाले. दगड भरून भरून पाठ मोडली. तुमी तर बिनदगडानं बुडवली. कशी केली हो?"

श्यामरावाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हसणाऱ्यांचं त्याला काही वाटलं नाही, ते मूर्खच होते. पण मुकादम बरोबर होता. नाव फुटली नव्हती, एक चरा गेला नव्हता, आणि तरीही ती तळाला होती. मुंबईची ती सहा जणांची खोली त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. शकुनबाईकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

ढिवरांनी हिरालालला बाहेर काढलं. तो सगळ्यांना शिव्या देत ओल्या पँटीने घरी गेला आणि पुन्हा कधी पाण्याकडे फिरकला नाही. आसाराम आणि दोघे जण बुडी मारून खाली गेले, दोर बांधला, आणि फटफटी ओढून काठाला आणली. उपसली. उपसल्याबरोबर ती पुन्हा तरंगायला लागली, जणू काही झालंच नाही. इतवारीबाबा पाण्यात उतरले, तिच्याभोवती फिरले, बुडाखाली हात घालून चाचपलं. मग काठावर उभ्या श्यामरावाजवळ आले.

"तडा नाई कुटं," ते म्हणाले.

"नाई."

"आतला तो पिवळा सारा काढला म्हून बुडाली?"

खोटं बोलायचीही सोय नव्हती. "हो बाबा. त्याच्यानंच बुडाली."

इतवारीबाबा आपल्या माणसांकडे गेले. ती सगळी उकिडवी बसून काहीतरी बोलत राहिली. मधूनच कुणी फटफटीकडे बोट दाखवायचं, कुणी बांबूंकडे. श्यामरावाला वाटलं, निकाल लागलाच आहे, आता नुसतं हसणं चाललंय. तो निघायला वळला, तेव्हा बाबा परत आले.

"मिस्तरी, आमाले अशाच पायजे."

"कशा?"

"अशाच. त्या पिवळ्याबिगर. पल्याडच्या गावच्या सोसायटीनं बाहेरून फायबरच्या नावा आनल्या, ठावं हाय ना? बुडतच नाईत. उन्हाळभर काठावर उताण्या पडल्या. एक चोरीले गेली, एकीत कोनीतरी ढोरायले पानी पाजून राह्यला. आमचा डोंगा पान्याखाली असते, तो चोराले दिसत नाई, कोनाच्या ढोरायच्या कामाचा नाई. आमाले अशी नाव पायजे का दगड टाकले का खाली गेली, आन उपसली का वर आली. तुमी बिनदगडानंच घालवली, म्हंजे दगडानं तर जाईनच."

"पन बाबा, भर पान्यात उलटली तर?" हे मात्र श्यामरावाच्या तोंडून निघालंच. "मानसाचं काय?"

"मानूस पोहते ना," इतवारीबाबा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "उन्हाळ्यात फायबर पान्याखाली चांगला राहीन ना? भेगा फुगून बसतीन?"

श्यामरावाचं तोंड उघडलं. फायबर उन्हात तडकत नाही, फायबरला भेगा पडत नाहीत, आणि पडल्याच तर त्या फुगून बसत नाहीत. त्याला पाण्याखाली ठेवायची गरजच नाही, साखळी लावून झाडाला बांधलं तरी चालतं. एवढं साधं तुम्हाला कळत नाही का? सगळं जिभेवर रांग लावून उभं होतं. मागे शकुनबाई नुसती खाकरली.

श्यामरावाने तोंड मिटलं. पाण्याकडे पाहिलं, बांबूंकडे पाहिलं, पाळीवर अजूनही हसणाऱ्या सुताराकडे पाहिलं.

"राहीन बाबा," तो म्हणाला. "आन बुडन. छान बुडन."